बाटलीवरचे गाव

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या सकाळी आमच्याकडे फराळाचा जो डबा आला, त्याच्याबरोबर एक बाटली आली. डबा आणणारा माझा जुना विद्यार्थी. तो सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला द्राक्षमळ्यात कामाला आहे. वाकून पाया पडला, पिशवीतून बाटली काढून कोनाड्यात पणतीशेजारी ठेवली आणि म्हणाला, "गुर्जी, मी छाटलेल्या येलाची हाय ही."

आमच्या घरात सुपारीच्या खांडापलीकडे व्यसन नाही. सौभाग्यवतीने बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पोरगा चहा पिऊन उंबऱ्याबाहेर पडतो न पडतो तोच बाटली उचलून दळणाच्या डब्यामागे नेऊन ठेवली. मास्तरांच्या घरी दिवाळीला बाटली निघाली, ही बातमी आमच्या उमरीत करंजीच्या ताटाआधी घरोघर पोचली असती.

रात्री निजानीज झाल्यावर मी ती काढून दिव्याखाली धरली. आत काळसर तांबडे, जांभळाच्या रसासारखे काहीतरी. पुढच्या बाजूला द्राक्षाच्या जातीचे नाव होते. पोराने ते मला तीनदा म्हणून दाखवले होते: सांजोव्हेसे. मागे बारीक अक्षरांत अकलूजचे नाव. द्राक्ष इटलीचे आणि गाव माळशिरस तालुक्यातले! मॅट्रिकच्या पुढे पायरी न चढलेला मी मास्तर, पण छापील शब्दाचे वेड लहानपणापासूनचे. त्या दोन नावांनी माझी झोप उडवली, आणि पुढचे वर्षभर मिळेल त्या पुस्तकातून मी इटलीच्या तांबड्या वाइनचा इतिहास वाचत राहिलो. कुणी म्हणेल, चाखलीच नाही तर लिहिता कसे? मी काशीही पाहिलेली नाही; वर्गात काशीचे वर्णन करायचे मात्र थांबलेलो नाही.

इटली आणि आपला मुलूख यांची ओळख अकलूजपासून सुरू होते असे मला वाटत होते. ती समजूत पहिल्या महिन्यातच गळून पडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहून ठेवली आहे. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. भडोच बंदरात कोणता माल खपतो याची यादी देताना तो प्रथम लिहितो वाइन, आणि पुढे जोडतो की पसंती इटलीच्या मालाला, त्याखेरीज लाओडिसियाची आणि अरबस्तानची. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरचे गिऱ्हाईक 'कुठली आहे?' असे विचारून माल घेत होते. त्याच वहीत भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातले तेर, यांची नावे येतात. पैठणचे गोमेद आणि तेरचे जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. परतीच्या गाड्या रिकाम्या येत असतील असे मला वाटत नाही. नेवाशाच्या उत्खननात रोमन धाटणीच्या, बुडाशी निमुळत्या मद्यकुंभांचे तुकडे निघाले आहेत. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या हौसेतून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे. सहलीला मुले घेऊन मी तिथे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मुलांना 'शिवू नका' सांगण्यातच माझा दिवस गेला. आता पुन्हा जायला हवे.

तिकडून इकडे कुंभ आले, तसे इकडून तिकडेही काही गेले. व्हेसुव्हियस डोंगराच्या पायथ्याचे पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथल्या एका घरात एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. कमरेला मेखला, पायांत वाळे, चेहरामोहरा अस्सल आपल्याकडचा. भोकरदनला आणि तेरला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचे इतके साम्य आहे की ती भोकरदनच्या कारागिराच्या हातची असावी, असे कित्येक जाणकार मानतात. भोकरदन जालना जिल्ह्यातले! आणि जिथे ती जाऊन पडली तो कंपानिया प्रांत इटलीतला जुना नामांकित द्राक्षमुलूख. आजही तिथल्या डोंगराळ भागात आल्यानिको नावाचे काळे द्राक्ष होते आणि त्याची ताउरासी नावाची वाइन उग्र आणि धीराची समजतात.

इटली म्हणजे बूट, हे आम्ही भूगोलात शिकवतो. टाचेपासून मांडीपर्यंत त्या बुटावर द्राक्षे आहेत. नोंदलेल्या जातीच साडेतीनशेच्या वर. त्या सगळ्यांची यादी द्यायची तर दिवाळी अंकाचा पंचांग होईल, म्हणून ज्या चार-पाच मला विसरता येत नाहीत तेवढ्याच सांगतो.

वर उत्तरेला, आल्प्सच्या कुशीत पीडमाँट. तिथल्या लांगे टेकड्यांवर नेब्बिओलो हे द्राक्ष फार उशिरा पिकते. तोडणीच्या दिवसांत खोरी धुक्याने भरलेली असतात आणि 'नेब्बिया' म्हणजे धुके, त्यावरूनच हे नाव पडले असे सांगतात. त्याची वाइन बारोलो. रंगाला फिकी, म्हणून नवखा माणूस फसतो. जिभेवर आली की हिरड्यासारखी तुरट. तो तुरटपणा निवायला वर्षे लागतात. तिथल्या नियमाने ३८ महिने झाल्याखेरीज ती विकताच येत नाही, आणि त्यांतले १८ महिने लाकडी पिपात काढावे लागतात. जाणते लिहितात की मुरलेल्या बारोलोला गुलाबाचा आणि डांबराचा असे दोन वास एकत्र येतात. हे वाचून मी हसलो, मग आठवले: रस्त्याचे डांबरीकरण चालू असताना आमच्या स्टेशनकडून एक वरात गेली होती. तो वास मला अजून ओळखता येईल.

या टेकड्यांशी आपली एक जुनी ओळख आहे, फक्त ती मद्याची नव्हे. सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर केले, ते १९०७ साली छापले गेले, आणि त्यानंतर मॅझिनी, गॅरिबाल्डी, काव्हूर ही नावे मराठी घरांत मामा-काकांसारखी वावरू लागली. मी दरवर्षी वर्गात इटलीचे एकीकरण शिकवतो. पण काव्हूर हा पीडमाँटमधल्या ग्रिंझाने गावचा सतरा वर्षे नगराध्यक्ष होता आणि तिथल्या आपल्या द्राक्षमळ्यांत जातीने लक्ष घालत होता, हे मला यंदा कळले. त्याच भागातली जूलिया फाल्लेत्ती ही जमीनदारीण बारोलोला नावलौकिक मिळवून देणाऱ्यांत गणली जाते. तुरुंगातल्या बायकांची दैना दूर करण्यासाठी तिने तूरिन शहरात जन्म वेचला. १८६१ मध्ये काव्हूर वारल्यावर जो पंतप्रधान झाला तो बेत्तीनो रिकासोली तर द्राक्षांचाच शास्त्री. एका नव्या राष्ट्राचे पहिले दोन पंतप्रधान वेलींची छाटणी जाणणारे असावेत, हे मला फार आवडले. आमच्याकडे ऊस जाणणारे पुष्कळ झाले, तेव्हा नवल वाटायचे कारण नाही म्हणा.

रिकासोली मध्य इटलीतल्या तोस्कानाचा, फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधल्या क्यांती टेकड्यांचा. सांजोव्हेसेचे माहेर हेच. नावाचा अर्थ लोक 'जुपिटरचे रक्त' असा लावतात. वैयाकरणांना तो पटो न पटो, ऐकायला झोकदार आहे. या द्राक्षाचा स्वभाव आंबट आणि चुणचुणीत, गोडवा आतल्या आत ठेवणारा. रिकासोलीने १८७२ च्या एका पत्रात आपला अनुभव मांडला: वास आणि जोर सांजोव्हेसेचा घ्यावा, त्याची धार कानायोलो या दुसऱ्या काळ्या द्राक्षाने बोथट करावी, आणि लगेच प्यायची असेल तर माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष किंचित घालावे. आमटीत आमसूल आणि गूळ यांचे प्रमाण सांगणाऱ्या आजीपेक्षा हे काही वेगळे नाही. दक्षिणेला मोंताल्चीनो गाव आहे. तिथे हेच सांजोव्हेसे दुसरे काहीही न मिसळता घेतात आणि पाचव्या वर्षी बाजारात आणतात. तिचे नाव ब्रुनेल्लो, अंगाने भरदार, आयुष्याने दीर्घ. द्राक्ष एकच, शिवार दोन. गोदाकाठच्या काळ्या रानातली ज्वारी आणि बालाघाटाच्या मुरमाड उतारावरची ज्वारी एकाच तव्यावर भाजा, जेवणारा भाकरी मोडताच सांगेल.

व्हेरोना शहराच्या बाजूला मात्र एक निराळीच तऱ्हा आहे. तिथे कोर्व्हीना वगैरे द्राक्षे तोडून लगेच चेपत नाहीत. हवेशीर माळ्यावर फळ्यांवर पसरून तीन-चार महिने सुकवतात. वजन तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटते, साखर दाटते, आपल्या तासगावच्या बेदाण्याच्या वाटेवर अर्ध्यात थांबल्यासारखे. मग जी वाइन होते ती गोड ठेवली तर रेचोतो, आणि सारी साखर आंबून गेली तर आमारोने. 'आमारो' म्हणजे कडू. हिवाळ्यात शेगडीपाशी बसून थेंबथेंब घ्यावी अशी ती जड. शेजारच्या एमिलियात लांब्रुस्को नावाची फेसाळ तांबडी असते, ती अगदी उलट, सोड्याच्या बाटलीची बहीण.

पण मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो बुटाच्या टाचेपाशी, पुल्यात. ऊन तापते, पाऊस थोडा, माती तांबडी. तिथली प्रीमितिव्हो आणि नेग्रोआमारो ही द्राक्षे उन्हाने साखरेला आलेली, त्यांची वाइन काळीभोर आणि जोरकस. आणि पिढ्यान् पिढ्या ही वाइन गावाच्या नावाने विकलीच गेली नाही. पिपे भरभरून ती उत्तरेला, फ्रान्सलाही जाई, आणि तिकडच्या फिक्या, पातळ वाइनमध्ये रंग आणि ताकद यावी म्हणून मिसळली जाई. रंग पुल्याचा, ताकद पुल्याची, बाटलीवर नाव दुसऱ्याचे. मराठवाड्याच्या मास्तराला हे वाचून काय वाटले ते मी लिहीत नाही. ऊसतोडीला गेलेल्या पोरांची हजेरीपटावरची रिकामी घरे कार्तिकापासून माझ्या डोळ्यांसमोर असतात.

नाव म्हणजे काय हे इटलीला एकाएकी सुचलेले नाही. १७१६ साली तोस्कानाचा राजा तिसरा कोझिमो याने एक फर्मान काढून क्यांती, पोमीनो, कार्मिन्यानो आणि आर्नो नदीचे वरचे खोरे, या चार मुलखांच्या सीमा आखून दिल्या. सीमेबाहेरच्या मालाला ते नाव लावायचे नाही, आणि लक्ष ठेवायला माणसे नेमली. १९६३ मध्ये इटलीच्या सरकारने हेच तत्त्व देशभरच्या कायद्यात आणले. १९८० साली बारोलो, ब्रुनेल्लो यांना आणखी कडक नियमांची वरची पायरी मिळाली. तरी लबाडी थांबली असे नाही. १९८६ च्या वसंतात स्वस्त वाइनचा जोर वाढवायला कुणी मेथिल अल्कोहोल मिसळले आणि वीसहून अधिक माणसे मेली, कित्येक आंधळी झाली. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला याच विषाने शंभरावर माणसे गेली. तेव्हा द्राक्षांची वर्णने करता करता माझी लेखणी जिथे थबकते, ती जागा वाचकांनी ओळखावी. दारूने बसलेली घरे मी माझ्या वर्गातल्या पोरांच्या अंगावरच्या कपड्यांवरून ओळखतो.

आता आमच्या उमरीकडे येतो. इथेही एक पेय होते आणि त्यालाही शिवार होते. ओढ्याकाठी शिंदीची झाडे. शेंड्याखाली काप देऊन रात्री मडके बांधायचे, पहाटे उतरवायचे. तेव्हा ती गोड नीरा, ऊन चढले की आंबट आणि डोक्यात जाणारी शिंदी. माझे आजोबा, त्यांना आम्ही बापू म्हणत असू, सांगत की जुना जाणता घोट घेऊन ती खालच्या ओढ्याची की वरच्या टेकाडाची ते ओळखे. बापू स्वतः शिवत नसत; हे त्यांना शिंदी काढणाऱ्यानेच सांगितले होते. पण निजामाच्या दप्तरात ओढा नव्हता, चव नव्हती. तिथे झाड म्हणजे कर आणि दुकान म्हणजे लिलाव. आबकारी ही संस्थानच्या उत्पन्नाची मोठी बाब होती. कोझिमोच्या कायद्याने विचारले, कोणत्या मातीतली? निजामाच्या कायद्याने विचारले, किती रुपये? आणि इंग्रजी मुलखात काही निराळे नव्हते. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले बाळगण्यावरच कायद्याने बंधन घातले. ज्या पेयाचा मालक केवळ लिलावदार, त्याला घराण्याचे नाव कोण देणार? ते लपूनछपून प्यायचे आणि शरमेने बोलायचे होऊन बसले.

म्हणूनच १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला, तेव्हा करोडगिरी नाकी मोडणे आणि शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा भाग झाला. झाड पडले की निजामाचा कर पडला. आमच्या उमरीची बँक लुटली ती ३० जानेवारी १९४८ ला, आणि त्याचे पोवाडे अजून ऐकू येतात. झाडांचे पोवाडे नाहीत. बापूंनी आपल्या सोबत्यांबरोबर ओढ्याकाठची रांगच्या रांग एका रात्रीत आडवी केली. शिंदी काढणारा कंदील घेऊन आला आणि कडेला उभा राहिला. भांडला नाही. शेवटचे झाड पडल्यावर एवढेच म्हणाला, "मालक, कर निजामाचा व्हता. झाड न्हवतं त्याचं."

हे बापूंनी मला त्यांच्या म्हातारपणी सांगितले. मी विचारले, तुम्ही चुकलात का? ते म्हणाले, "नाही. पण त्याची चूल विझली, हे आम्ही मोजलं नव्हतं." दर दिवाळीला आमच्या घरून त्या घरी पायलीभर ज्वारी जात असे. का जाते, हे मला लहानपणी कुणी सांगितले नाही. ती त्यांनी कधी नाकारली नाही आणि कधी मागायलाही आले नाहीत.

बाटली आणणारा माझा विद्यार्थी त्याच घरातला, त्या कंदीलवाल्याचा पणतू.

अकलूजचा मळा पाहायला मी यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे जाऊन आलो. २००७ च्या सुमारास इटलीतले सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून हा उद्योग उभा केला. नाव 'फ्रातेल्ली', म्हणजे इटालियनमध्ये 'भाऊ'. वाइन करायला तोस्कानातून पिएरो मासी हा जाणता आला. सहा भाऊ आणि सातवा तो, म्हणून त्यांच्या मोठ्या वाइनचे नाव 'सेत्ते', सात. तीत सांजोव्हेसेबरोबर फ्रान्सचे काबर्ने सोव्हिन्यो मिसळतात.

तिकडच्या वेलीला बर्फाची झोप असते. हिवाळ्यात पाने झडतात, एकदा छाटायचे, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडायचे. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, पावसाळा सरताना गोडीची छाटणी, आणि द्राक्ष तोडायचे जानेवारी ते मार्चमध्ये, रात्री गारवा असतो तेव्हा. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. तिथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे तो लिहून गेला. आता या दुबार स्वभावाला आवरणे हेच छाटणाऱ्याचे काम. माझा विद्यार्थी काडीवरचे डोळे मोजून, न थांबता कात्री चालवत होता. मी म्हटले, "कुणी शिकवलं?" म्हणाला, "शिकवलं तसं सायबानं. पण कुठं कापायचं ते हाताला आधीच ठाव हुतं, गुर्जी."

मी विचारले, इटलीच्या सांजोव्हेसेसारखी होते का ही? त्याने ती कुठे पाहिलेली. तो आपला जे ठाऊक ते म्हणाला: इथे ऊन फार, आंबटपणा लवकर पळतो, म्हणून तोडणीचा दिवस चुकवायचा नाही, एक दिवस चुकला की चव गावची राहत नाही, साखरेची होते. चव कशी म्हणशील? थोडा थांबला. "जांभळावानी. आधी ओढते, मग सोडते."

पणजोबांची आणि बापूंची गोष्ट त्याला ठाऊक आहे की नाही, मी विचारलेले नाही. परतताना एस.टी.त बसल्यावर विचारावे असे मनात आले होते, पण तोवर तो खिडकीखालून निघूनही गेला होता.

२०२४ साली लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला त्यांच्या गावाच्या नावाने सरकारी मानांकन मिळाले. वर्तमानपत्रातले ते कात्रण मी वर्गाच्या भिंतीवर लावले आहे, इटलीच्या नकाशाशेजारी. पोरे विचारतात, उमरीचे काय लावायचे? आमच्या ओढ्याला आता एकच शिंदी उरली आहे, आणि तिला काप देणारे कुणी नाही.

आठ दिवसांपूर्वी अकलूजहून फोन आला. दिवाळीला येतोय म्हणाला, आणि मग चाचरत विचारले, "गुर्जी, उघडली का?" मी नाही म्हटले. "बरं. पन उभी ठिवू नका. बूच वाळतं. आडवी ठिवा."

सौभाग्यवतीला सांगितले. तिने दळणाचा डबा पुढे ओढला, मागे एक जुने पोते अंथरले आणि बाटली त्यावर आडवी निजवली. "आडवी बरी," ती म्हणाली, "दिसत तरी नाही." मग काय वाटले कोण जाणे, तिने पदराने तिच्यावरचे पीठ पुसले.